एकाच नावाची दोन पानं

आमच्या लॅबमध्ये तिला सगळे हॅलोबाई म्हणतात, आणि ती फोनवर कधीच ‘हॅलो’ म्हणत नाही. रिसीव्हर उचलला की लॅबचं नाव, मग ‘बोला’, आणि मग गप्प. समोरच्याचं बोलून संपेपर्यंत मध्ये तोंड घालायचं नाही, ही तिची जुनी सवय. एका मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर तिने एकोणीस वर्षं काढली होती. आत वॉर्ड, ऑपरेशनच्या खोल्या, औषधांचं भांडार. बाहेर सगळं शहर. आणि मधोमध कानाला पट्टा लावून बसलेली ही. पुढे त्या बोर्डाच्या जागी भिंतीवर आपोआप फोन जोडणारा एक डबा बसला आणि बाईला घरी बसवलं. तेव्हा ती बेचाळीस वर्षांची होती; मग ती आमच्या रिसेप्शनवर आली. नवरा आधीच वारलेला. घरात ती आणि तिची मोठी नणंद, दोघीच. नणंदेला ऐकू कमी येतं, त्यामुळे बाई घरी ओरडून बोलते आणि कामावर कुजबुजल्यासारखी. ‘दोन्हीची सरासरी काढलीत तर मी माणसासारखी बोलते,’ हे तिचं स्वतःचंच म्हणणं.

आमची लॅब दातांची. म्हणजे दात काढायची नव्हे, दात बनवायची. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप पाठवतात, आम्ही त्या मापाची कॅप किंवा पूर्ण कवळी तयार करून देतो. एकूण नऊ माणसं. मी खिडकीपाशी बसतो आणि तयार दाताला शेजारच्या दातासारखा रंग चढवतो, म्हणून मला रंगारी म्हणतात. पलीकडच्या खोलीत एक यंत्र पांढऱ्या ठोकळ्यातून दात कोरून काढतं. त्याच्या आवाजामुळे त्याचं नाव चक्की, आणि ते चालवणारी मुलगी अर्थातच चक्कीवाली.

सहा वर्षांपूर्वी सगळं काम संगणकावर गेलं. डॉक्टर तोंडाचं माप कॅमेऱ्याने घेऊन आमच्या वेबसाइटवर टाकू लागले. तेव्हा लॅबभर तारा ओढायला एक माणूस आला होता. अबोल, पायात रबरी चपला, खांद्यावर वेटोळं. हॅलोबाई त्याला पाणी द्यायला गेली आणि तिथेच उभी राहिली. ‘ही तार कुठे जाते?’ ‘हे हिरवं लुकलुकतंय ते काय?’ तारवाल्याने आधी एका शब्दात उत्तरं दिली, मग दोन शब्दांत, आणि आठवड्याच्या शेवटी तो तिला स्टूल ओढून शेजारी बसवू लागला. बाईने एक जाड वही केली. दोन वर्षांनी तारवाला काम सोडून मुलीकडे राहायला गेला, तेव्हा मालकांना म्हणाला, ‘दुसरं कोणी शोधू नका. ह्या आहेत ना.’

तेव्हापासून प्रिंटर रुसला की हॅलोबाई, इंटरनेट झोपलं की हॅलोबाई. पगार रिसेप्शनचा आणि काम बाराभानगडीचं. पण तिची तक्रार नव्हती. उलट झाडूच्या कपाटात तारवाल्याने बसवलेल्या काळ्या सर्व्हरवरची धूळ ती दर सोमवारी स्वतः पुसायची, बाकी कोणाला हात लावू द्यायची नाही.

तर त्या सोमवारी काम आलंच नाही.

नवं काम आलं की वेबसाइटवरच्या आमच्या यादीत त्यापुढे लाल टिंब दिसतं. एरवी दुपारपर्यंत दहा-बारा टिंबं असतात. त्या दिवशी एकही नाही. आम्ही म्हटलं, सुट्टीनंतरचा दिवस आहे, डॉक्टर उशिरा उठले असतील. मंगळवारीही तेच. कुरियरने प्लास्टरचे साचे पाठवणारे दोन-तीन जुने डॉक्टर आहेत, त्यांचे साचे तेवढे आले. चक्की दिवसातून तासभर फिरली आणि बंद पडून राहिली. तिचा आवाज नसला की लॅब कशी सुनी वाटते, हे मला त्या दिवशी कळलं. कधी नव्हे ते मी माझे सगळे ब्रश धुतले, वाळवले आणि पुन्हा धुतले.

मालक माणूस चांगला, पण मनात एक आणि तोंडावर एक असं त्यांना जमत नाही. चेहरा उतरलेलाच. मागच्या महिन्यात नदीपलीकडे एक नवी मोठी लॅब सुरू झाली होती. सगळे डॉक्टर तिकडे गेले, असं त्यांनी धरूनच टाकलं. बुधवारी दुपारी त्यांनी मला आणि चक्कीवालीला केबिनमध्ये बोलावलं. बसा म्हणाले.

‘तुम्ही दोघं नोकरीला सगळ्यात शेवटी लागलात,’ ते टेबलावरच्या पेनाशी बोलले. ‘मी अजून काही ठरवलेलं नाही. पण असंच राहिलं तर... कानावर घालून ठेवावं म्हटलं.’

बाहेर आल्यावर चक्कीवाली थेट चक्कीकडे गेली आणि बंद यंत्र फडक्याने पुसत बसली. मी त्या दिवशी घरी गेलो तो बायकोला काही न सांगता. तिने विचारलं, ‘आज लवकर कसे?’ मी म्हटलं, ‘काम उरकलं.’ खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं.

गुरुवारी सकाळी दहाच्या सुमारास फोन वाजला. कामच नसल्यामुळे मी रिसेप्शनच्या बाकावर पेपर उघडून बसलो होतो. बाईने लॅबचं नाव सांगितलं, ‘बोला’ म्हणाली आणि ऐकत राहिली. बराच वेळ ऐकत राहिली. पलीकडून येणारा बारीक चढा आवाज मलाही ओळखू आला. बाजारपेठेतल्या म्हाताऱ्या डॉक्टरीणबाई. आमच्या सगळ्यात जुन्या.

‘डॉक्टर,’ बाई शेवटी म्हणाली, ‘तुमचं काम आमच्याकडे आलेलंच नाही.’

पलीकडचा आवाज इतका चढला की बाईने रिसीव्हर कानापासून दूर धरला, आणि मला आता शब्दन् शब्द ऐकू येऊ लागला. ‘आलं नाही म्हणजे? सोमवारी पाठवलंय मी! पुढचे दोन दात आहेत. शाळेतल्या शिक्षिका आहेत त्या, येत्या सोमवारी वर्गावर उभं राहायचंय त्यांना. तातडीचं म्हणून खूण केलीय. तुमच्या वेबसाइटनेच मला “काम मिळाले” असं लिहून दिलंय!’

आमच्याकडचा दुसरा कोणी असता तर त्याने ‘चुकून दुसरीकडे गेलं असेल’ म्हणून वेळ मारून नेली असती. बाईने तसं केलं नाही. तिने नंतर मला सांगितलं, ‘एकोणीस वर्षं आवाज ऐकलेत, भाऊ. चुकलेला माणूस आधी अडखळतो आणि मग ओरडतो. त्या थेट ओरडल्या. त्यांनी पाठवलं होतंच.’

फोनवर ती म्हणाली, ‘डॉक्टर, एक करता? आत्ता ते पान उघडा आणि तुम्हाला काय दिसतंय ते मला वाचून दाखवा. अगदी वरपासून.’

‘आता पान वाचत बसू?’

‘दोनच मिनिटं.’

कुरकुरत का होईना, डॉक्टरीणबाई वाचू लागल्या. बाई आपल्या पडद्यावर तेच पान उघडून ओळीवर बोट ठेवत होती. लॅबचं नाव, बरोबर. फोन नंबर, बरोबर.

‘मग खाली निळा पट्टा, आणि त्यात...’

बाईचं बोट थांबलं. ‘कसला पट्टा?’

‘निळा हो. निळा! मला दातांतलं कळतं तसं रंगांतलंही कळतं.’

मी पेपर ठेवून उठलो आणि बाईच्या खांद्यावरून डोकावलो. आमच्या पडद्यावर पट्टा हिरवा होता. गेली सहा वर्षं हिरवाच होता.

बाईने डॉक्टरीणबाईंना सांगितलं, ‘तासाभरात मी स्वतः फोन करते,’ आणि रिसीव्हर ठेवला. मग तिने आपला मोबाइल काढला. मोबाइल लॅबच्या वाय-फायवर होता. पान उघडलं तर हिरवं. तिने वाय-फाय बंद केलं, मोबाइलच्या स्वतःच्या नेटवर पुन्हा तेच नाव टाकलं, तेच, एका अक्षराचाही फरक नाही. पान उघडलं ते निळं. वाय-फाय चालू, हिरवं. बंद, निळं. तिने हे चार वेळा केलं. माझी मती गुंग झाली.

‘बाई, हे काय आहे?’

‘एकाच नावाची दोन घरं आहेत, भाऊ,’ ती हळूच म्हणाली. ‘बाहेरचा माणूस नाव विचारतो तेव्हा त्याला एक पत्ता सांगतात, आणि आपण विचारतो तेव्हा आपल्याला दुसरा.’

निळ्या पानावर तिने लॅबचा पासवर्ड टाकला. यादी उघडली. लाल टिंब, त्याखाली लाल टिंब, त्याखाली लाल टिंब. बाई अंगठ्याने यादी सरकवत राहिली आणि ती संपेचना. मी मोजलं. सदतीस कामं. सोमवारपासूनची. सगळ्यात वर डॉक्टरीणबाईंचे दोन दात.

मी ओरडलो असणार, कारण मालक केबिनमधून धावत आले. बाईने त्यांच्यापुढे मोबाइल धरला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि विचारलं, ‘म्हणजे... काम आहे?’

‘आहे.’

‘कोणी कुठे गेलेलं नाही?’

‘कोणी कुठे गेलेलं नाही, साहेब. आपणच चुकीच्या दारात उभे राहून वाट बघतोय.’

मालक बाकावर बसले. मग खिसे चाचपत म्हणाले, ‘अरे हो! ते वेबसाइटवाले शनिवारी पान हलवणार होते. नव्या जागी, नव्या रंगात. पत्र आलं होतं मला. “तुम्हाला काही करावं लागणार नाही” असं होतं त्यात.’ ते जरा वरमले. ‘एवढंच वाचलं मी. पुढचं वाचायचं राहिलं.’

मालकांनी वेबसाइटवाल्यांना तिथूनच फोन लावला. तिकडच्या माणसाने अर्धंमुर्धं ऐकून सांगितलं, ‘तुमचं डीएनएस बिघडलंय. प्रत्येक संगणकात बाहेरचा डीएनएस टाकून द्या, एका मिनिटात चालू होईल.’ डीएनएस म्हणजे नाव सांगितलं की पत्ता शोधून देणारी सोय, हे बाईने मला पूर्वी समजावलं होतं, म्हणून मला कळलं. आमचे संगणक हे पत्ते झाडूच्या कपाटातल्या सर्व्हरला विचारत. आता त्याला सोडून परस्पर बाहेर विचारायचं, असं तो माणूस म्हणत होता.

बाईच्या कपाळाला आठी पडली. ‘साहेब, मला हे बरोबर वाटत नाही. थोडा वेळ द्या.’

‘अहो, वेळ कुठाय? सदतीस कामं पडलीत! टाका आधी.’

तिने टाकलं. पाचही संगणकांवर फिरून टाकलं. आणि खरंच, एका मिनिटात सगळीकडे निळं पान आलं. मालकांनी टाळी वाजवली. मापं उतरवून घेतली, आणि चक्कीवालीने पहिलं काम चक्कीकडे पाठवायला बटण दाबलं.

‘चक्की सापडत नाही म्हणतंय,’ ती दारातून म्हणाली.

‘सापडत नाही काय? समोर तर उभी आहे!’ मालक.

‘मला दिसतेय. संगणकाला दिसत नाहीये.’

तोवर मापांचं फोल्डर गायब झालं होतं. प्रिंटरही. एक हाती आलं आणि दुसरं निसटलं, अशी गत. मालकांचा चेहरा पुन्हा उतरू लागला. बाई मात्र, खरं सांगतो, पहिल्यांदाच शांत दिसली.

‘आता कळलं,’ ती म्हणाली. ‘चक्की, फोल्डर, प्रिंटर ही घरातली नावं. ती बाहेरच्याला कशी माहीत असणार? हॉस्पिटलच्या बाहेर उभं राहून कोणाला विचारा, “बाळंतिणींच्या वॉर्डातली रात्रीची नर्स कुठे बसते?” शहरभर कोणी सांगणार नाही. ते बोर्डावरच विचारायला हवं.’

ती कपाटाकडे गेली, झाडू बाजूला केले, सर्व्हरला छोटा पडदा जोडला आणि स्टुलावर बसली. पडद्यावरच्या काळ्या चौकटीत तिने वेबसाइटचं नाव घालून तोच प्रश्न दोनदा विचारला. एकदा बाहेरच्याला, एकदा घरातल्या सर्व्हरला. दोन उत्तरं, दोन वेगळे आकडे; संगणकांचे पत्ते आकड्यांतच असतात. मग तिने सर्व्हरमधली नावांची यादी उघडली. चक्की, फोल्डर, प्रिंटर, आणि सगळ्यात खाली आमची वेबसाइट. तिच्यापुढे तो जुना आकडा.

‘हा इथे कोणी लिहून ठेवला?’ मालकांनी तिच्या मागून विचारलं.

बाई उठून रिसेप्शनवर गेली, खणातून जाड वही काढली आणि पानं उलटत उभी राहिली. एका पानावर थांबली. मग ती वही तशीच उघडी घेऊन आली आणि मालकांच्या हातात दिली. मी शेजारूनच वाचलं. तिचं नेटकं अक्षर, सहा वर्षांपूर्वीची तारीख: ‘आज घरच्या यादीत आपल्या वेबसाइटचा आकडा घातला. तारवाल्यांनी सांगितला तसा. का घालायचा, ते विचारायचं राहिलं.’

‘मी लिहिला,’ ती म्हणाली. कुजबुज नव्हती, घरचा आवाजही नव्हता. ‘का, ते आज कळलं. घरातले सगळे पत्ते आपण लॅबच्या नावाखालीच ठेवलेत. त्यामुळे त्या नावाचं काहीही विचारलं तरी हा सर्व्हर म्हणतो, मला माहीत आहे, आणि बाहेर विचारायला जातच नाही. म्हणून वेबसाइटचा आकडाही त्याला हातानेच सांगून ठेवावा लागतो. आणि बाहेर तो बदलला की इथेही बदलावा लागतो. मी बदलला नाही. जुन्या जागेवरचं पान त्यांनी अजून काढलेलं नाही, म्हणून आपल्याला ते उघडत राहिलं आणि वाटलं, सगळं ठीक आहे, फक्त काम नाही. साहेब, चार दिवस गेले ते माझ्यामुळे.’

मालकांनी वहीतली ती ओळ पुन्हा एकदा वाचली.

‘पत्र मला आलं होतं, बाई,’ ते म्हणाले. ‘तुम्हाला कळणार कसं? मी ते पुढे पाठवलं असतं तर तुम्ही शनिवारीच आकडा बदलला असता.’ त्यांनी वही मिटून तिच्या हातात दिली. ‘चार दिवस मला वाटत होतं, लॅब बुडाली. एका आकड्याचा घोळ निघाला. मला तर पेढे वाटावेसे वाटतायत, आणि तुम्ही माफी कसली मागताय? बदला तो.’

बाईने आकडा बदलला. मग पुन्हा फिरून सगळे संगणक पहिल्यासारखे घरच्या सर्व्हरला जोडले. तरी प्लास्टरचे साचे स्कॅन करतात त्या खोलीत पान हिरवंच. मालकांनी डोक्याला हात लावला. ‘याने जुनं उत्तर लक्षात ठेवलंय,’ बाई म्हणाली, ‘विसरायला लावते.’ एक ओळ लिहिली, पान बंद करून पुन्हा उघडलं, निळं. चक्कीवाली आतून ओरडली, ‘माझ्याकडे अजून सापडत नाही!’ तेव्हा लक्षात आलं, गडबडीत पाचांतले चारच संगणक परत जोडले होते. पाचवाही जोडला. चक्कीवालीने बटण दाबलं.

आधी काहीच नाही. मग चक्कीने घशातल्या घशात खाकरल्यासारखं केलं आणि ती फिरू लागली. तो घरघराट मी रोज शिव्या देत ऐकतो. त्या दिवशी मी दारात उभा राहून ऐकला. चक्कीवालीने माझ्याकडे बघितलं आणि फडकं तोंडाला लावलं. ती हसत होती की रडत होती, मी विचारलं नाही.

डॉक्टरीणबाईंना तासाभरात फोन करायचा होता, तो बाईने पन्नासाव्या मिनिटाला केला. झालेलं सगळं सरळ सांगितलं, कोणावर ढकललं नाही. ‘शनिवारी दुपारी दात तुमच्या हातात असतील,’ म्हणाली. मग बाकीच्या डॉक्टरांची यादी काढून एकेकाला फोन लावत गेली. बहुतेकांना काही कळलंच नव्हतं. काम करून द्यायची पाच दिवसांची मुदत अजून संपायची होती. दोघे रागावले. एक तर म्हणाला, ‘फोन केलात म्हणून बरं, मीच विचारणार होतो.’

मी त्या शिक्षिकेचे दात खिडकीपाशी बसून केले. पुढचे दात सगळ्यात अवघड, उन्नीस-बीस झालं तरी डोळ्यांत येतात. फोटोत तिच्या शेजारच्या दाताला कडेला किंचित पिवळट छटा होती, ती धरायला मला तीनदा रंग पुसावा लागला. शनिवारी डॉक्टरीणबाईंचा निरोप आला: बसले, आणि पेशंट आरशासमोरून हलायला तयार नाही.

गुरुवारी संध्याकाळी मी घरी जाऊन बायकोला बुधवारचं आणि गुरुवारचं एकदमच सांगितलं. तिने आधी बुधवारचं लपवलं म्हणून मला फैलावर घेतलं, आणि मग हसायला लागली.

हॅलोबाईच्या घरी काय झालं ते तिच्याच तोंडून ऐकलं. ती घरात शिरली आणि चपला न काढताच ओरडली, ‘वन्सं, नावात घोळ होता!’ नणंद घाबरून उठली, ‘काय? गावात चोर होता?’ आणि तिने दाराला कडी लावली. पंधरा मिनिटं समजावून झाल्यावर नणंद म्हणाली, ‘म्हणजे चोर नव्हता ना? मग जेव की आता.’

शुक्रवारी बाई कामाला अर्धा तास उशिरा आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ‘डोळाच उघडला नाही,’ म्हणाली, ‘आणि वन्संनी उठवलंही नाही. म्हणाल्या, झोपलीस तर झोपू दे म्हटलं.’ मालकांनी घड्याळाकडे बघितलंही नाही. ते केबिनमध्ये बसून वेबसाइटवाल्यांचं ते पत्र पहिल्या ओळीपासून वाचत होते. बाईने पर्स खुंटीला लावली, वहीत कालची तारीख घालून पाच-सहा ओळी लिहिल्या, आणि उरलेल्या डॉक्टरांना फोन लावायला बसली. आतून चक्कीचा आवाज इतका येत होता की तिला घरच्यासारखं मोठ्याने बोलावं लागलं.